काविळीच्या आड दडलेला हिवताप

पूर्व विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात मी १९९३ साली नुकताच रुजू झालो होतो. एमडीची पदवी हाती पडून जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि पुस्तकात जे आहे ते सारे आपल्याला येते, अशा भ्रमात राहण्याचे ते वय होते. ऑगस्टचा महिना, धानाची रोवणी उरकत आलेली. एका सकाळी बैलगाडी, मग एसटी आणि शेवटी रिक्षा असा प्रवास करून दोघा भावांनी आपल्या धाकट्या भावाला आणले. वय तिशीच्या आतबाहेर. शरीर कष्टाने कमावलेले, पण डोळे हळदीसारखे पिवळे आणि नजर कुठेच ठरत नव्हती. गळ्यात लहान लहान काटक्यांची माळ होती. ही माळ जसजशी लांबत जाते तसतशी कावीळ उतरते, असा समज आहे. माळ चांगली बेंबीपर्यंत आली होती. कावीळ मात्र उतरली नव्हती.

“साहेब, कावीळ झाली जी याला,” थोरला भाऊ म्हणाला. “माळ घातली, औषध पाजलं, पण उतरूनच नाही राहिली.”

“ताप?” मी विचारले.

“ताप तर आठ दिवसांपासून आहे जी. पहिले थंडी वाजत होती, मग डोळे पिवळे झाले. ताप अजून आहेच.”

“लघवी होते का?”

“काल सकाळी झाली थोडीशी. काळ्या चहावानी.”

आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ही उत्तरे मी जशीच्या तशी सांगू शकतो, याचे कारण माझी स्मरणशक्ती चांगली आहे हे नव्हे. त्या शेतकऱ्याने तीन वाक्यांत मला अचूक निदान सांगितले होते आणि ते माझ्या कानावर पडूनही डोक्यात शिरले नव्हते, हे त्याचे कारण आहे. मी केसपेपरवर लिहिले: विषाणूजन्य कावीळ, यकृत निकामी होऊन आलेली ग्लानी. पावसाळा, दूषित पाणी, पिवळे डोळे, बरळणे. सगळे कसे चपखल बसत होते. सवयीने रक्ताची काचपट्टीही काढायला सांगितली. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत काचपट्ट्यांचा ढीग साचला होता आणि ती तपासणारा एकच माणूस होता. मीही “तातडीचे” असे काही लिहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे रुग्ण गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतला सहकारी वॉर्डात आला आणि विचारू लागला, “साहेब, हा पेशंट कोणत्या खाटेवर आहे? फाल्सीपॅरम नुसता भरलाय.” ती खाट तोवर दुसऱ्याला दिली गेली होती. मृत्यूच्या दाखल्यावर मी संसर्गजन्य कावीळ हे कारण लिहून सही केली होती. ते दुरुस्त करावे का, असे वरिष्ठांना विचारले. “आता काय उपयोग? कागद गेले,” असे उत्तर मिळाले. मीही पुढे काही केले नाही. त्या वर्षीच्या हिवतापाच्या मृत्यूंत त्या माणसाची नोंद नाही.

ही कबुली आज देतो आहे ती मन हलके करण्यासाठी नव्हे. त्या दिवशी माझ्याकडून जी चूक झाली ती नवशिक्या डॉक्टरची एकट्याची चूक नाही. ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या हिवतापाच्या चित्राची चूक आहे. हिवताप म्हटले की आपल्याला हुडहुडी, गोधड्यांचा ढीग, मग घाम आणि दिवसाआड येणारा ताप आठवतो. फार तर “मेंदूचा मलेरिया” माहीत असतो, कारण त्यात माणूस बेशुद्ध पडतो आणि सगळे घाबरतात. पण हाच हिवताप यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या वाटेनेही जीव घेतो, हे घरोघरी माहीत नाही आणि अनेक दवाखान्यांतही वेळेवर आठवत नाही. आफ्रिकेत गंभीर मलेरियाचे बळी बहुतांशी लहान मुले असतात आणि त्यांच्यात मेंदूचा मलेरिया व तीव्र रक्तक्षय ही रूपे ठळक असतात. आपल्याकडे मोठी माणसेही या आजाराने गंभीर होतात आणि मोठ्या माणसांत कावीळ होणे, मूत्रपिंड बंद पडणे ही रूपे वारंवार दिसतात. म्हणजे ज्या रूपात हा रोग आपल्या शेतकऱ्याला आणि मजुराला गाठतो, नेमके तेच रूप आपण ओळखत नाही.

हे घडते कसे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. डास चावला की मलेरियाचे जंतू तासाभराच्या आत यकृतात शिरतात. फाल्सीपॅरम जातीचा जंतू तिथे साधारण आठवडाभर वाढतो. गंमत अशी की यकृतातल्या या मुक्कामात रुग्णाला काहीच होत नाही. ना ताप, ना कावीळ. जंतू तिथून बाहेर पडून रक्तातल्या तांबड्या पेशींत घुसतात तेव्हा आजार सुरू होतो. पेशीत वाढायचे, ती फोडायची, नव्या पेशीत शिरायचे, असे हे चक्र साधारण ४८ तासांचे असते. फाल्सीपॅरमचा खोडसाळपणा असा की तो ज्या पेशीत असतो ती पेशी चिकट होते आणि बारीकसारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. मेंदूत हे घडले तर बेशुद्धी येते. यकृतात आणि मूत्रपिंडात घडले तर त्या अवयवांचा रक्तपुरवठाच अडतो.

फुटलेल्या तांबड्या पेशींतून पिवळे द्रव्य तयार होते. ते निस्तरण्याचे काम यकृताचे. पण यकृत स्वतःच अडचणीत असते. म्हणून डोळे पिवळे होतात. मूत्रपिंडावर तर चहूबाजूंनी मारा होतो. ताप, घाम, उलट्या यांनी शरीरातले पाणी कमी झालेले असते, बारीक रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतात आणि फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नळ्यांना इजा करते. लघवी काळपट, चहासारखी किंवा कोकमाच्या आगळासारखी होते, मग कमी होते आणि शेवटी थांबते. आपल्याकडे लघवी लाल झाली की “उष्णता वाढली” म्हणून धने-जिऱ्याचे पाणी देतात. प्रौढ माणसाची दिवसभराची लघवी ४०० मिलिलिटरपेक्षा, म्हणजे दोन पेल्यांपेक्षाही कमी झाली, तर मूत्रपिंड संकटात आहे असे आम्ही समजतो. हे मोजायला ना यंत्र लागते ना पदवी.

व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाला आमच्या पुस्तकांत पूर्वी “सौम्य” म्हटले जाई. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००५ च्या सुमारास रुग्णांची नोंद करून दाखवून दिले की व्हायव्हॅक्सनेही कावीळ होते, मूत्रपिंड निकामी होते, माणूस दगावतोही. तेव्हा “व्हायव्हॅक्सच आहे, घाबरू नका” हे वाक्यही आता जपूनच उच्चारावे.

मग ही कावीळ आणि ती कावीळ यांत फरक कसा करायचा? एक खूण माझ्या गुरूंनी मला शिकवली होती आणि नेमकी त्या दिवशी मी ती विसरलो. दूषित पाण्यातून होणाऱ्या नेहमीच्या काविळीत आधी थोडा ताप येतो आणि डोळे पिवळे होईपर्यंत बहुधा तो उतरलेला असतो. डोळे पिवळे झाल्यावरही ताप चढतोच आहे, थंडी वाजतेच आहे, तर ती साधी कावीळ नव्हे. दुसरी खूण प्रयोगशाळेची. विषाणूजन्य काविळीत यकृताची एन्झाइमे हजारांत जातात. मलेरियात ती बहुधा थोडीच वाढलेली असतात. तिसरी खूण लघवीची. साध्या काविळीत लघवी पिवळीजर्द होते, पण ती आटत नाही. ताप, कावीळ आणि आटलेली लघवी हे त्रिकूट दिसले की आपल्या भागात दोन नावे आधी आठवावीत: मलेरिया आणि लेप्टो. कोकणात, तसेच २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय केले, ते वाचकांना आठवत असेल. दोन्हींवर औषधे आहेत आणि दोन्हींत उशीर हाच खरा शत्रू आहे.

आता त्या गळ्यातल्या माळेविषयी. ती माळ घालणाऱ्या वैदूला शिव्या देऊन आमचे डॉक्टर लोक मोकळे होतात. मीही होत असे. पण लोकांचा त्याच्यावर विश्वास का बसतो, याचा विचार केला तर राग ओसरतो. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. मग माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवा, नाकात देवडांगरीचे थेंब टाका, नाहीतर नुसता उसाचा रस प्या. दहातले नऊ बरे होणारच. प्रत्येक उपाय गुणकारी ठरतो आणि गावात त्याची कीर्ती होते. तोच उपाय मलेरियाच्या काविळीला लावला की आठ दिवस जातात, आणि या रोगात आठ दिवस म्हणजे सारे आयुष्य. माळ विषारी नाही. माळेत गेलेला वेळ विषारी आहे.

आणि माळ फक्त खेड्यातच घालतात असेही नाही. शहरातल्या माळा निराळ्या असतात. ताप आला, प्लेटलेट कमी झाल्या, म्हणजे डेंग्यूच, असे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ठरते आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. प्लेटलेट मलेरियातही घटतात, हे कोणी सांगत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात तापाला कमरेत वेदनाशामक इंजेक्शन आणि हाताला सलाईन ठरलेले. आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडाला ते वेदनाशामक आणखी इजा करते. बंद पडलेल्या मूत्रपिंडात बाटल्यांवर बाटल्या ओतल्या की ते पाणी लघवीवाटे बाहेर पडत नाही, फुप्फुसात साठते आणि रुग्ण बसल्या जागी गुदमरतो. नातेवाईक मात्र “काल चार बाटल्या लावल्या होत्या” हे समाधानाने सांगतात. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. पखाल भरत राहते आणि रेडा मरतो. रुग्णाला पाणी नको असे मी म्हणत नाही. कोरडा पडलेला असेल तर पाणी द्यावेच, पण लघवी मोजत, छाती तपासत आणि जपून.

इतके भीतीदायक चित्र काढल्यावर आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो भीतीचा नाही. मलेरियात बंद पडलेले मूत्रपिंड बहुधा पुन्हा सुरू होते. मधुमेहात किंवा रक्तदाबात वर्षानुवर्षे झिजत गेलेले मूत्रपिंड परत येत नाही; त्या रुग्णाला जन्मभर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. मलेरियाचे तसे नाही. जंतू मारले आणि मधले दहा-पंधरा दिवस शरीरातले विष बाहेर काढत राहिले, तर मोठ्या माणसांत बहुतेकांचे मूत्रपिंड पूर्ववत काम करू लागते. यकृत तर त्याहून लवकर सावरते. लहान मुलांबाबत मात्र युगांडातल्या अभ्यासांनी सावध केले आहे. गंभीर मलेरियात मूत्रपिंडाला इजा झालेल्या काही मुलांत पुढेही दोष राहतो, म्हणून त्यांना वर्षभर तपासत राहावे. पण एकंदरीत हा मरणाचा रोग नाही, तग धरण्याचा रोग आहे.

हे मी पुस्तकातून नाही, डोळ्यांनी पाहिले. त्या तरुणाच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी भाद्रपदात जंगलकामावरची एक मजूर बाई आली. तेच पिवळे डोळे, तोच ताप, लघवी दोन दिवसांपासून बंद. या वेळी काचपट्टी मी स्वतः घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभा राहिलो. अर्ध्या तासात क्विनाइनचे सलाईन सुरू झाले. डायलिसिसचे यंत्र नागपूरला होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मग पोटात नळी घालून औषधी पाणी आत सोडायचे आणि तासाभराने बाहेर काढायचे, अशी पद्धत आम्ही आमच्याच वॉर्डात सुरू केली. दोन परिचारिका आणि एक वॉर्डबॉय पाळीपाळीने रात्रंदिवस बाटल्या बदलत होते. बाईची सासू खाटेशेजारी बसून दर तासाला लघवीची पिशवी बघायची. अकराव्या दिवशी पहाटे तिने मला क्वार्टरवरून उठवून आणवले. पिशवीत पेलाभर लघवी जमली होती. पुढे चार-पाच दिवस ती बाई रोज चार-पाच लिटर लघवी करत होती आणि आम्ही तिला पाणी पाजत होतो, कारण या टप्प्यावर पाणी आणि क्षार निघून गेल्यानेही धोका असतो. महिन्याने ती चालत घरी गेली. आयुष्यात माझे इतके कौतुक कोणी केले नसेल, जितके त्या सासूने त्या पेलाभर लघवीचे केले.

तेव्हापासून औषधशास्त्र बरेच पुढे गेले आहे. चीनच्या तू यूयू यांनी १९७० च्या दशकात एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळे करण्याचे जे काम केले, त्याला २०१५ साली नोबेल मिळाले. त्याच कुळातले आर्टेसुनेट इंजेक्शन आज गंभीर मलेरियाचे पहिले औषध आहे. बांगलादेश, भारत, म्यानमार आणि इंडोनेशिया या चार देशांत १४६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. या चाचणीत आपल्या राउरकेल्याच्या डॉक्टरांचा आणि रुग्णांचा वाटा होता, हे अभिमानाने सांगावे असे आहे. हे इंजेक्शन शिरेत देता येते, तसे स्नायूतही देता येते. म्हणजे रुग्णाला पुढे पाठवण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातच पहिला डोस देता येतो. उपचारानंतरच्या तीन-चार आठवड्यांत काही रुग्णांच्या तांबड्या पेशी पुन्हा फुटतात, म्हणून हिमोग्लोबिन अधूनमधून तपासावे लागते, एवढे पथ्य.

डायलिसिसबाबतही धडा मिळाला आहे. व्हिएतनाममध्ये झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतांश रुग्ण मलेरियाचे होते. पोटातले डायलिसिस दिलेल्यांपैकी ४७ टक्के, तर यंत्राने रक्त गाळलेल्यांपैकी १५ टक्के मृत्यू पावले. म्हणून यंत्र हाताशी असेल तर यंत्रच वापरावे. पण यंत्र शंभर मैलांवर असेल आणि वाटेत रुग्ण जाणार असेल, तर पोटातले डायलिसिस करायचे की काहीच करायचे नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर मी त्या सासूच्या डोळ्यांत पाहिले आहे.

मग आता काळजी कसली, असे कोणी विचारील. देशातला हिवताप खरोखर घटला आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१५ साली ११ लाख ६९ हजार रुग्ण होते, ते २०२३ मध्ये २ लाख २७ हजारांवर आले; मृत्यू ३८४ वरून ८३ वर आले. २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणायचे देशाचे उद्दिष्ट आहे. हे यश आशाताईंचे, फवारणी करणाऱ्यांचे, मच्छरदाण्या वाटणाऱ्यांचे आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

पण माझ्या मनात दोन शंका आहेत. पहिली मोजणीची. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने असा अंदाज केला की या शतकाच्या आरंभी भारतात सत्तरीच्या आतली सुमारे २ लाख ५ हजार माणसे दरवर्षी मलेरियाने मरत होती. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज १५ हजारांचा होता. या अभ्यासात घरच्यांना विचारून मृत्यूचे कारण ठरवले होते. त्या पद्धतीवर संघटनेने आणि आपल्या सरकारनेही आक्षेप घेतले, आणि त्यात तथ्य होते. तापाचा प्रत्येक मृत्यू हिवतापाचा नसतो. पण उलट बाजूची चूक कोण मोजतो? माझ्या हातची ती एक सही त्या उलट बाजूची होती. “कावीळ”, “यकृत निकामी”, “मूत्रपिंड निकामी” अशी कारणे लिहिलेले किती दाखले प्रत्यक्षात हिवतापाचे असतील? मूत्रपिंड निकामी होणे हे मरणाचे कारण नाही, ती मरणाची वाट आहे. त्या वाटेवर कोणी ढकलले, ते दाखल्यात लिहिले पाहिजे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. रोग जसा ओसरतो, तशी त्याची ओळखही ओसरते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर देशातले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले होते. हिवताप गेला असे समजून आपण सैलावलो आणि १९७६ साली ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आज शहरात शिकणारा डॉक्टर पदवी घेईपर्यंत मलेरियाची कावीळ कदाचित एकदाही पाहत नाही. राज्यातला बहुतांश फाल्सीपॅरम गडचिरोलीच्या जंगलात उरला आहे हे खरे. पण माणसे जंगलात बसून राहत नाहीत. गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशा इथला मजूर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर येतो, रक्तातून जंतू घेऊन येतो आणि तिथे तापाने पिवळा पडतो. नायजेरिया, टांझानियात नोकरी करून सुटीवर आलेला आपला इंजिनिअर घरी आठव्या दिवशी फणफणतो. त्या दोघांना तपासणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यात मलेरिया येत नाही, कारण तो “आता राहिलेला नाही”. २०१० च्या पावसाळ्यात मुंबईत हिवतापाने शंभराहून अधिक बळी घेतले होते, हेही आपण विसरत चाललो आहोत.

म्हणून माझे म्हणणे थोडे आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. तापासोबत डोळे पिवळे असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर दाखल झाल्यापासून तासाभरात मलेरियाची तपासणी झालीच पाहिजे. झटपट चाचणीची पट्टी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. एक तपासणी कोरी आली तरी संशय असेल तर पुन्हा करावी, कारण चिकटून बसलेले जंतू कधी कधी काचपट्टीवर दिसत नाहीत. गंभीर रुग्णाला आर्टेसुनेटचा पहिला डोस दिल्यावाचून रुग्णवाहिकेत चढवू नये. आज १०८ ची गाडी येते, ही मोठी सोय आहे. पण गाडी म्हणजे उपचार नव्हे.

डायलिसिसचे तसेच. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आहेत. ती मुख्यतः मूत्रपिंड कायमचे गेलेल्या रुग्णांसाठी आहेत आणि त्यांच्या पाळ्या महिनोन्‌महिने ठरलेल्या असतात. त्यांची पाळी हिरावून घ्या असे मी म्हणणार नाही. पण हिवतापाच्या जिल्ह्यांत पावसाळ्याचे चार महिने एक यंत्र आणि एक प्रशिक्षित माणूस अकस्मात येणाऱ्या रुग्णासाठी राखून ठेवता येणार नाही काय? हा रुग्ण पंधरा दिवसांत यंत्र मोकळे करतो आणि पुढची चाळीस वर्षे शेतात काम करतो. आणि ताप येऊन, पिवळे पडून किंवा लघवी थांबून जो कोणी दगावेल, त्याच्या रक्ताचा मलेरियासाठीचा अहवाल दाखल्याला जोडणे सक्तीचे करावे. अहवाल नाही तर तसे स्पष्ट लिहावे. म्हणजे निदान आपले अज्ञान तरी मोजले जाईल.

घरच्यांसाठी तर एकच सांगणे आहे. तापाच्या माणसाला आपण “जेवलास का, झोप लागली का” असे विचारतो. “लघवी किती झाली, कशी झाली” हेही विचारा. लाजू नका. माळ घालायची तर घाला. पण आधी बोटातून रक्ताचा थेंब द्या, आणि मग घाला.

तो थोरला भाऊ भावाचा देह घेऊन निघाला तेव्हा माझ्यापाशी आला होता. माझे हात हातात घेऊन म्हणाला, “तुम्ही लय केलं जी साहेब. कावीळच जालीम होती.” काचपट्टी तेव्हा तपासायची होती. दुसऱ्या दिवशी ती तपासली गेल्यावर मी त्याला पत्र लिहायला हवे होते. पत्ता केसपेपरवर होता. मी लिहिले नाही. त्याच्या घरी अजूनही ती कावीळच मानत असतील आणि घरात पुन्हा कोणाचे डोळे पिवळे झाले असतील तर पुन्हा माळच शोधली असेल. हा लेख म्हणजे ते न लिहिलेले पत्र, एवढेच समजावे.